छप्पर मालकाचे, संसार भाडेकरूचा

बेळगावच्या कोणत्याही गल्लीतून चालत जा, चार घरांआड एक पाटी दिसते. एका बाजूला 'घर भाड्याने देणे आहे' आणि त्याच्याच खाली 'मने बाडिगेगे इदे'. भाडे आणि बाडिगे, मालक आणि मालीक, विमा आणि विमे! दोन्ही भाषांतले हे शब्द इतके जवळचे आहेत, की आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांत ते कोणत्या भाषेत बोलले गेले हे पुष्कळदा लक्षातही येत नाही. पण शब्द जवळचे असले तरी भाड्याचे घर आणि त्या घराचा विमा या दोन गोष्टी अजून एकमेकींपासून फार लांब आहेत. त्या लांबीची किंमत काय असते, हे मी माझ्या आजोळी पाहिले.

माझे आजोळ लाटंबार्से. गोव्याच्या डिचोली तालुक्याच्या उत्तर टोकाचे गाव. बेळगावहून तिलारी घाट उतरून दोडामार्ग ओलांडला, की गोव्याची हद्द सुरू होते आणि थोड्याच वेळात लाटंबार्से येते. मामांचे घर चिऱ्यांच्या भिंतींचे, मंगलोरी कौलांचे. मुले नोकरीसाठी बाहेर पडली तशा घराच्या डाव्या अंगाच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. वेगळे दार, वेगळी मोरी. मामांनी त्या भाड्याने दिल्या. भाडेकरू बैलहोंगलकडचे. नवरा डिचोलीला कारखान्यात, बायको घरी शिवणकाम करणारी, एक मुलगा शाळेत जाणारा. त्यांची भाषा कानडी, मामा-मामींची कोकणी आणि मराठी. माझी पत्नी धारवाडची असल्यामुळे आम्ही गेलो की दोन्ही घरांतल्या साठलेल्या गोष्टींचा उलगडा तिच्या मध्यस्थीने होत असे. ती बाई माझ्या पत्नीला 'अक्का' म्हणते आणि मामांना 'अज्जा'.

१६ मे २०२१

त्या रविवारी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून वर सरकले. वादळ दुसऱ्या दिवशी गुजरातेत जमिनीवर चढले, पण जाता जाता त्याने गोव्यात ठिकठिकाणी झाडे उन्मळून टाकली, विजेचे खांब पाडले. मामांच्या परसातला जुना फणस मुळासकट आडवा झाला, तो नेमका डाव्या अंगावर. आढे मोडले, वासे खाली आले, कौलांचा चुरा झाला. सुदैवाने माणसे त्या वेळी मामींच्या स्वयंपाकघरात चहाला बसली होती.

तेव्हा गोव्यात संचारबंदी आणि कर्नाटकात टाळेबंदी होती. आम्हाला जाता येईना. मोबाईलवर फोटो आले. मोडलेल्या वाशांखाली शिलाई मशीन, भिजलेल्या गाद्या, फुटलेला टीव्ही, फुगलेले तांदळाचे पोते, मुलाची वह्या-पुस्तके. मी मामांना धीर देण्यासाठी फोन केला, तर मामाच मला धीर देत म्हणाले, "घाबरू नको. घराचो विमो आसा!"

फोन स्पीकरवर होता. मागून त्या बाईचा आवाज आला, "मत्त नम्म सामानिंद एनरी?"

'मग आमच्या सामानाचे काय?' हा तो प्रश्न. पत्नीने तो मामांना मराठीत सांगितला. मामा गप्प झाले. मीही गप्प झालो. कारण उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. आणि मी तर महाविद्यालयात शिकवणारा, कागदपत्रे वाचता येणारा म्हणून नात्यागोत्यांत प्रसिद्ध!

पॉलिसी उघडली तेव्हा

पॉलिसीचा कागद मामांनी मोबाईलवर पाठवला. २०१४ साली छपराच्या दुरुस्तीसाठी चार लाखांचे कर्ज काढले होते. त्या वेळी कर्ज देणाऱ्यांनीच विमा उतरवून दिला. पुढे कर्ज फिटले, पण दर वर्षी खात्यातून हप्ता जात राहिला आणि पॉलिसी चालू राहिली. तिची शेवटची मुदतवाढ २०२१ च्या जानेवारीतली होती. इतक्या वर्षांत तो कागद कोणीही उघडून वाचलेला नव्हता.

वाचला तेव्हा तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, विमा रक्कम चार लाख. म्हणजे जितके कर्ज तितकाच विमा. कर्ज देणाऱ्याला त्याच्या पैशांची हमी हवी होती, ती त्याने घेतली. घर पुन्हा बांधायला किती लागतील, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारलाच नाही.

दुसरी, घरात राहणारे कोण, या रकान्यात 'मालक स्वतः' असे होते. भाडेकरू नंतर आले, ते कंपनीला कोणी कळवले नाही.

तिसरी, विमा फक्त इमारतीचा होता. सामानापुढे रेघ मारलेली होती. म्हणजे मामांच्या स्वतःच्या कपाटाचाही विमा नव्हता, मग भाडेकरूच्या मशीनचा कुठला असणार?

सर्व्हेअर आला, त्याने मोजमाप घेतले. घर साधारण शंभर चौरस मीटरचे, तसे घर पुन्हा बांधायला सोळा लाख लागतील असा त्याने हिशेब धरला. दुरुस्तीचा खर्च एक लाख वीस हजार ठरला. मामांना वाटले, विमा चार लाखांचा आहे, खर्च सव्वा लाखाच्या आतला आहे, म्हणजे सगळा मिळेल. मिळाले तीस हजार!

हे असे का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या आगीच्या पॉलिसीत (तिचे नाव 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स') ॲव्हरेजचे कलम असे. घराची किंमत सोळा लाख आणि विमा चार लाख, म्हणजे तुम्ही एक चतुर्थांश घराचाच विमा उतरवला; उरलेल्या तीन चतुर्थांशाचे विमेदार तुम्ही स्वतः. म्हणून नुकसान कितीही लहान असो, कंपनी त्याचा एक चतुर्थांशच देणार. एक लाख वीस हजारांचा चौथा हिस्सा तीस हजार. त्यात भाडेकरूंविषयी खुलासा मागणारे पत्र आले, त्याला उत्तर देण्यात महिना गेला तो वेगळाच.

पावसाळा तोंडावर. सुतार मिळेनात, कौले मिळेनात. खोल्या राहण्याजोग्या व्हायला ऑगस्टची अखेर उजाडली. दरमहा साडेतीन हजार रुपये भाडे होते, ते तीन महिन्यांचे साडेदहा हजार बुडाले. ते कुटुंब डिचोलीला पाच हजारांच्या खोलीत राहिले, त्यांचे दरमहा दीड हजार जादा गेले. आणि शिलाई मशीनचा खर्च कोणाच्याच हिशेबात बसला नाही. मामांनी दोन महिन्यांचे भाडे परत केले, मामींनी आपले जुने मशीन दिले. माणुसकी होती म्हणून निभावले. पण माणुसकी हा विमा नव्हे. दुसऱ्या घरी अशाच प्रसंगातून भांडणे आणि अनामत रक्कम अडवून ठेवणे झालेले आपण सगळ्यांनीच पाहिले आहे.

नवी पॉलिसी काय सांगते

योगायोग असा, की या वादळाच्या सहाच आठवडे आधी, म्हणजे १ एप्रिल २०२१ पासून, विमा नियामक प्राधिकरणाने राहत्या घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी लागू केली होती. आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती ठेवावीच लागते आणि तिच्या मूळ अटी सगळीकडे सारख्याच असतात. मामांची पॉलिसी तिच्या आधीची, म्हणून तिचा फायदा त्यांना मिळाला नाही. आपल्यापैकी ज्यांच्याकडे जुने कागद आहेत, त्यांनी पुढची मुदतवाढ कोणत्या पॉलिसीत झाली हे एकदा पाहावे.

या पॉलिसीतला सर्वांत मोठा बदल म्हणजे अपुऱ्या विम्याबद्दलची कपात गेली. चार लाखांचा विमा असता आणि एक लाख वीस हजारांचे नुकसान झाले असते, तर तो दुरुस्तीचा सगळा खर्च मागता आला असता. अर्थात पूर्ण घर कोसळले तर मिळणार विमा रकमेपुरतेच. म्हणून कमी रकमेचा विमा घ्यावा असा याचा अर्थ नाही.

आग, वीज पडणे, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, जमीन खचणे, वणवा, बाहेरून वाहन वा झाड आदळणे, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी वा नळ फुटणे, अशी संकटे तिच्यात येतात. इमारत म्हणताना गॅरेज, कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी, विहीर, सौर पॅनेल हेही त्यात धरता येते. मलबा उचलण्याचा खर्च आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ठरावीक मर्यादेपर्यंत मिळते. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते आणि जादा हप्ता न घेता विमा रक्कम वर्षाला दहा टक्क्यांच्या हिशेबाने वाढत जाते.

काय येत नाही तेही ऐका. वाळवी, कुजलेले वासे, दर पावसाळ्यात गळणारी पन्हळ, भिंतीची ओल हे संकट नव्हे, ती झीज आहे. तिला विमा नाही. रोख रक्कम, कागदपत्रे, वाहने यांनाही नाही. आणि चोरी? वरच्यापैकी एखादे संकट आले आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत चोरी झाली तरच ती यात येते. नुसत्या घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. 'घराचा विमा म्हणजे चोरीचाही विमा' हा समज मी सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकला आहे.

मालकाने पाहण्याच्या गोष्टी

विमा रक्कम कशी ठरवावी? घराचे चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर. बस्स. जमिनीची किंमत यात नाही, कारण जमीन जळत नाही आणि वाहूनही जात नाही. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडणे-डिचोलीकडे जमिनीच्या भावांचीच चर्चा जास्त. घराचा 'भाव' अमुक कोटी म्हणून तितक्याचा विमा घेतला, तर हप्ता जास्त जाईल, पण मिळेल बांधकामाच्या खर्चापुरतेच.

घर भाड्याने देणार असाल, तर ते कंपनीला लेखी कळवा. भाडेकरू बदलला, घर बरेच दिवस बंद राहणार असेल, खोली वाढवली, तरीही कळवा. किती दिवस बंद राहिले तर कळवायचे, हे आपल्या पॉलिसीत पाहून ठेवा. बेळगाव-खानापूरकडच्या कित्येक कुटुंबांची गोव्यात घरे आहेत, ती गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. त्यांच्यासाठी हे विशेष महत्त्वाचे.

घर राहण्यासाठी दिले आहे की धंद्यासाठी, हा फरकही मोठा आहे. कुटुंबाला राहायला दिले, ते निवासी. त्याच खोल्या पर्यटकांना दिवसाच्या दराने दिल्या, किंवा खाली गोदाम केले, की ती वेगळी गोष्ट झाली. राहत्या घराची पॉलिसी तिथे चालेल असे धरून चालू नका.

संकटामुळे घर राहण्याजोगे राहिले नाही, तर त्या काळातले बुडालेले भाडे भरून देण्याची तरतूद या पॉलिसीत आहे. मामांचे साडेदहा हजार याच सदरात बसले असते. मात्र प्रपोजल फॉर्ममध्ये भाड्याचा उल्लेख आहे का आणि शेड्यूलमध्ये ती ओळ उतरली आहे का, हे सही करण्यापूर्वी पाहावे.

इमारतीबरोबर सामानाचाही विमा घेतलात, तर यादी न देता इमारतीच्या विमा रकमेच्या वीस टक्के, पण जास्तीत जास्त दहा लाख, इतका सामानाचा विमा आपोआप धरला जातो. त्याहून जास्त हवा तर तपशील द्यावा लागतो. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी वेगळा पर्याय निवडावा लागतो. पण लक्षात ठेवा, हे सामान विमेदाराचे आणि त्याच्या कुटुंबाचे. भाडेकरूचे नव्हे.

कर्ज चालू असेल तर पॉलिसीवर बँकेचे नाव असते आणि भरपाईवर पहिला हक्क बँकेच्या बाकीपुरता बँकेचा असतो. कर्ज फिटल्यावर ते नाव काढून घ्यावे.

आणि शेवटी नावाचा प्रश्न. गोव्यातल्या जुन्या घरांत घरपट्टी आजोबांच्या नावे, राहतो नातू आणि हक्क सगळ्या भावंडांचा, असे सर्रास दिसते. गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ताही सामान्यपणे सामाईक धरली जाते. अशा घराचा विमा घेताना खरे काय आहे ते सांगा. सहमालकांची संमती आधीच कागदावर घेऊन ठेवा. भरपाईचा धनादेश यायच्या वेळी भावाबहिणींच्या सह्या गोळा करत फिरणे नको.

भाडेकरूने पाहण्याच्या गोष्टी

भाडेकरूचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे विमा ही घरमालकाची गोष्ट. भारत गृह रक्षा पॉलिसी नुसत्या इमारतीची घेता येते, नुसत्या सामानाची घेता येते किंवा दोन्हींची मिळून घेता येते. म्हणजे ज्याच्या नावावर एक वीटही नाही, तोही आपल्या टीव्ही, फ्रीज, कपाट, पलंग, शिलाई मशीनचा विमा घेऊ शकतो. पावत्या जपून ठेवा, वर्षातून एकदा खोलीचे आणि वस्तूंचे फोटो काढून ठेवा. घरगुती वापराची वस्तू आणि धंद्याचे साहित्य यांत कंपनी फरक करते. मशीन पोटापाण्याचे असेल तर तसे आधीच सांगून ते कशात बसते हे लेखी विचारा. घर पडल्यामुळे जास्त भाड्याच्या जागेत जावे लागले तर फरकाची रक्कम मिळेल का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट गॅस सिलिंडरची. फार थोड्यांना ठाऊक असते, की सरकारी तेल कंपन्यांनी आपल्या नोंदणीकृत ग्राहकांसाठी अपघाताचा विमा उतरवलेला असतो. त्याचा हप्ता ग्राहकाला वेगळा भरावा लागत नाही. गॅसमुळे आग लागून अपघात झाला तर मृत्यूसाठी प्रत्येकी सहा लाख, उपचारांसाठी प्रत्येकी दोन लाखांपर्यंत आणि घराच्या नुकसानीसाठी एका घटनेमागे दोन लाखांपर्यंत त्यात तरतूद आहे. पण यातली घराच्या नुकसानीची भरपाई ग्राहकाच्या नोंदवलेल्या पत्त्यावरच्या जागेसाठी असते. आमच्या भाडेकरूंचे कनेक्शन बैलहोंगलच्या पत्त्यावर आणि सिलिंडर लाटंबार्शात! सीमाभागात कामासाठी इकडून तिकडे गेलेल्या हजारो कुटुंबांची हीच स्थिती असणार. पत्ता बदलून घेणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

दोघांमधला कायदा

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ मालक आणि भाडेकरूची कर्तव्ये सांगते. वेगळा करार नसेल तेव्हा ते लागू पडते. घर चांगल्या स्थितीत ठेवणे ही भाडेकरूची जबाबदारी, पण नेहमीची झीज आणि ज्यापुढे माणसाचे काही चालत नाही अशी आपत्ती यांतून तो सुटतो. आग, वादळ वा पुराने घर कायमचे निरुपयोगी झाले, तर भाडेपट्टा पुढे चालवायचा की सोडायचा, हे भाडेकरू ठरवू शकतो. मात्र त्याच्याच चुकीने नुकसान झाले असेल तर नाही.

इथे विम्याचा एक बारीक मुद्दा येतो. मालकाला भरपाई दिल्यावर ज्याच्या चुकीने नुकसान झाले त्याच्याकडून ती वसूल करण्याचा हक्क विमा कंपनीकडे जातो, हे विम्याचे जुने तत्त्व आहे. म्हणजे भाडेकरूच्या हलगर्जीपणाने आग लागली, मालकाला कंपनीने पैसे दिले, तरी भाडेकरू सुटला असे होत नाही. म्हणून अकरा महिन्यांचा करार करताना त्यात दोन ओळी घालाव्यात, असे मी आता सर्वांना सुचवतो. 'इमारतीचा विमा मालक उतरवील आणि त्याची प्रत भाडेकरूस दाखवील. आपल्या सामानाचा विमा भाडेकरू उतरवील.' या दोन ओळींना मुद्रांक शुल्क जास्त पडत नाही!

संकट आलेच तर

आधी माणसे, मग वीज आणि गॅस बंद. त्यानंतर काही हलवण्यापूर्वी फोटो. कंपनीला लगेच कळवून क्लेमचा क्रमांक घ्यावा. तलाठ्याचा पंचनामा, अग्निशामक दलाचा अहवाल, चोरी वा दंगल असेल तर पोलिसांत तक्रार, हे कागद जमवावेत. नुकसान वाढू नये म्हणून ताडपत्री घालणे आपले कर्तव्यच आहे, पण मोडके सामान सर्व्हेअरने पाहीपर्यंत टाकून देऊ नये. मामींनी भिजलेल्या गाद्या दुसऱ्याच दिवशी स्वच्छतेच्या भरात जाळून टाकल्या होत्या. त्यांचा विमा नव्हता म्हणून फरक पडला नाही. असता, तर पुरावाच जळाला असता.

कंपनीचा निर्णय पटला नाही तर प्रथम कंपनीकडेच लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील नको, पन्नास लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. आपल्या सीमाभागाची गंमत अशी, की तीन राज्यांसाठी दोन कार्यालये आहेत. गोव्यासाठी आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गासाठी पुणे, तर बेळगावसाठी बेंगळुरू. ज्याचे घर लाटंबार्शात आणि राहणे बेळगावात, त्याने काय करावे? तक्रारदार जिथे राहतो किंवा कंपनीची शाखा जिथे आहे, त्यांपैकी कोणत्याही भागाच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. घर कुठे आहे यावर ते अडत नाही.

पुन्हा लाटंबार्से

२०२१ हे वर्ष तौक्तेवरच थांबले नाही. २३ जुलैला गोव्यात मोठा पूर आला. १९८२ नंतरचा हा सर्वांत वाईट पूर असल्याचे तेव्हा मुख्यमंत्र्यांनी सांगितले. सत्तरी, डिचोलीत कित्येकांची घरे पडली. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये तिलारीच्या पाण्याने लाटंबार्शाच्या शेजारच्या साळ गावात आणि पेडण्याच्या काही गावांत घरे पाण्याखाली गेली होती, आणि त्याच महिन्यात आपल्या बेळगाव जिल्ह्याची काय दशा झाली ते आपण विसरलेलो नाही. म्हणजे हे शंभर वर्षांत एकदा येणारे संकट आहे, असे म्हणून चालण्याचे दिवस गेले.

त्या दिवाळीत आम्ही लाटंबार्शाला गेलो. खोल्यांवर नवी कौले होती. बैलहोंगलचे कुटुंब परत आले होते. ओसरीवर बसून आम्ही दोन प्रपोजल फॉर्म भरले, एक मामांचा, एक त्यांचा. मी मराठीत वाचत होतो, पत्नी कानडीत सांगत होती. मामांनी या खेपेला प्रत्येक रकाना विचारून विचारून भरला. घरात कोण राहते, या प्रश्नापुढे 'मालक आणि भाडेकरू' असे स्वच्छ लिहिले. मामांच्या घराचा वर्षाचा हप्ता त्या दोन खोल्यांच्या एका महिन्याच्या भाड्याहूनही कमी निघाला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सात वर्षे हप्ते भरले ते न वाचताच!"

सही करण्यापूर्वी त्या बाईने पत्नीला पुन्हा एकदा विचारले, "अक्का, इदराग नम्म मशीन बरतद एनु?" यात आमचे मशीन येते ना?

मशीन पोटापाण्याचे आहे हे फॉर्मवर लिहून आम्ही तो प्रश्न कंपनीला लेखी विचारला आणि लेखी उत्तर आल्यावरच हप्ता भरला. वाचकहो, विम्याचे सगळे शास्त्र मला त्या एका प्रश्नात दिसते. घर कोणाचे, सामान कोणाचे, आणि यात माझे काय येते? मालकाने मालीकाला आणि भाडेकरूने बाडिगेदाराला, ज्या भाषेत समजेल त्या भाषेत, हे विचारावे. फणस पडण्याच्या आधी विचारावे, इतकेच.